कपाटातून काढलेला जीपीएस उपग्रह पकडत नाही: दुरुस्तीला नेण्याआधी

तक्रार नेहमी एकाच साच्यातली असते. इंदूरहून महेश्वरला किंवा मांडूला निघायचं ठरतं, दोन-तीन महिने कपाटात पडलेला जीपीएस बाहेर निघतो, पुढच्या काचेला चिकटतो, आणि पलासियापासून राऊ ओलांडेपर्यंत पडद्यावर एकच ओळ असते: 'अक्वायरिंग सॅटेलाइट्स', म्हणजे उपग्रह शोधतोय. महू मागे पडल्यावर कुठेतरी तो एकदाचा लागतो. संध्याकाळी परतताना मात्र बटण दाबल्याबरोबर तयार. मग कपाट, मग पुन्हा तीन महिने, मग पुन्हा तेच रडगाणं.

यंत्र बिघडलेलं असतं तर परतताना चाललं नसतं. अशा बहुतेक यंत्रांना काहीही झालेलं नसतं. शिळ्या माहितीवर, चालत्या गाडीत, झाडांखालून सुरुवात करायला लावलं की चांगलं यंत्रसुद्धा अडखळतं. खरा बिघाड कुठे असतो आणि तो कसा ओळखायचा हेही पुढे आहेच, पण क्रम महत्त्वाचा. आधी फुकटातल्या तपासण्या, मग पान्हा.

हे सगळं काचेवर लावायच्या यंत्रांना (गार्मिनची नुवी, टॉमटॉम, मॅपमायइंडियाची जुनी मॉडेलं) आणि गार्मिनच्याच ईट्रेक्ससारख्या हातात धरायच्या यंत्रांना सारखंच लागू आहे. मोबाइलचं गणित वेगळं. तो उपग्रहांची ताजी माहिती इंटरनेटवरून मागवून घेतो, म्हणून 'मोबाइल तर लगेच पकडतो' ही तुलना इथे कामाची नाही.

सुरुवातीलाच एक खुळी वाटणारी तपासणी करून टाका. नुवीच्या सेटिंगमध्ये 'जीपीएस सिम्युलेटर' असतो आणि हातातल्या यंत्रांत 'डेमो मोड'. घरात बसून नकाशा चाळण्यासाठी किंवा बॅटरी वाचवण्यासाठी कोणीतरी, बहुधा घरातल्या पोरांनी, तो चालू केलेला असतो. तो चालू असेपर्यंत रिसीव्हर बंदच राहतो, मग गाडी कुठेही न्या. आधी तो बंद करा.

तीस सेकंदांचा हिशेब

जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात आणि एल-१ या १५७५.४२ मेगाहर्ट्झच्या लहरीवर दोन गोष्टी पाठवतात. एक म्हणजे दर मिलिसेकंदाला पुन्हा सुरू होणारा १,०२३ तुकड्यांचा संकेत. यावरून सिग्नल निघाला कधी आणि पोचला कधी हे मोजलं जातं. दुसरी गोष्ट म्हणजे मजकूर: मी आत्ता कुठे आहे, माझं घड्याळ किती पुढे-मागे आहे. हा मजकूर सेकंदाला फक्त ५० बिट या गोगलगायीच्या वेगाने येतो, आणि सगळी गोम इथेच आहे.

मजकुराचं एक पान १,५०० बिटांचं, म्हणजे ३० सेकंदांचं. त्याचे सहा-सहा सेकंदांचे पाच भाग असतात. पहिल्या तीन भागांत त्या उपग्रहाची स्वतःची अचूक कक्षा आणि घड्याळाची दुरुस्ती असते. याला इफेमेरिस म्हणतात. उरलेल्या दोन भागांत प्रामुख्याने सगळ्याच उपग्रहांचं ढोबळ वेळापत्रक, म्हणजे अल्मनॅक, थोडं थोडं येतं. ते पुरं व्हायला २५ पानं, म्हणजे साडेबारा मिनिटं लागतात. अल्मनॅक काही महिने जुना झाला तरी निभावतो. इफेमेरिस मात्र साधारण चार तासांत शिळी होते.

म्हणजे कपाटातून काढलेल्या यंत्राला आकाशात अंदाजे कोण कुठे आहे हे ठाऊक असतं, पण हिशेबाला लागणारी इफेमेरिस एकाही उपग्रहाची नसते. ती निदान चार उपग्रहांकडून नव्याने वाचावी लागते. चार का, तर लांबी, रुंदी, उंची आणि स्वतःच्या साध्या क्वार्ट्झ घड्याळाची चूक ही चार अज्ञातं सोडवायची असतात. एका मायक्रोसेकंदाची चूक म्हणजे ३०० मीटर, त्यामुळे घड्याळाचं अज्ञात सोडून चालत नाही.

आता आग्रा-मुंबई रस्त्यावर काय होतं ते पाहा. तिसऱ्या-चौथ्या सेकंदाला झाड, दहाव्याला शेजारून सिटी बस, पुढे भंवरकुआंच्या पुलाखाली काही सेकंद अंधार. एका भागातला एक शब्द जरी तुटला तरी तपासणीचे बिट जुळत नाहीत आणि यंत्र तो तुकडा टाकून देतं. तोच तुकडा पुन्हा यायला ३० सेकंद. तेव्हा पुन्हा झाड. चारही उपग्रहांच्या बाबतीत हाच खेळ चालू राहिला तर वीस-पंचवीस मिनिटं सहज जातात. महूच्या पुढे आकाश मोकळं झालं की अर्ध्या-पाऊण मिनिटात काम होतं. परतताना लगेच लागतो, कारण घाटावर फिरणं आणि जेवण धरून दोन-तीन तासच गेलेले असतात. आधीची इफेमेरिस अजून ताजी असते.

यात भर म्हणून, एकदा धरलेला सिग्नल खूप क्षीण झाला तरी यंत्र सोडत नाही, पण तो नव्याने शोधून वाचायला दहा-पंधरा डेसिबल जास्त ताकद लागते. म्हणूनच लागलेला जीपीएस वडाखाली टिकतो आणि न लागलेला वडाखाली लागत नाही.

तेव्हा उपाय असा:

१. निघण्याच्या आधी, गाडी उभी असताना किंवा गच्चीवर, यंत्र चालू करून स्थिर ठेवा. चिमणबागेचं मैदान, दसरा मैदान, कॉलनीतला मोकळा चौक, काहीही चालेल.

२. महिन्या-दोन महिन्यांनी काढलेलं असेल तर पाच मिनिटं द्या. वर्षभर पडून असेल, फॅक्टरी रीसेट केलेलं असेल किंवा परदेशातून आलेलं असेल तर पूर्ण वीस मिनिटं, मध्ये बंद न करता. अल्मनॅकचं चक्र पुरं होऊ दे.

३. लागल्यावर लगेच बंद करू नका. आणखी पंधरा मिनिटं चालू राहिलं तर आणखी उपग्रहांची इफेमेरिस आणि ताजा अल्मनॅक साठतो, पुढची सुरुवात सोपी होते.

चालू केल्यावर किती वेळ लागावा याचा अंदाज: तासाभरापूर्वी बंद केलेलं यंत्र काही सेकंदांत, काल बंद केलेलं अर्ध्या ते पाऊण मिनिटात, जुन्या पिढीचं महिन्यांनी काढलेलं दोन ते पाच मिनिटांत. मोकळ्या आकाशाखाली, न हलवता. याहून जास्त लागलं तरच पुढचं वाचा.

अमेरिकेहून मुलाने पाठवलेल्या यंत्राबद्दल एवढंच: आपण अजून तिथेच आहोत असं समजून ते अल्मनॅकवरून तिथल्या आकाशाचा अंदाज बांधतं आणि भलत्याच उपग्रहांना हाका मारत बसतं, म्हणून ती वीस मिनिटं. आणि त्यात बहुधा उत्तर अमेरिकेचाच नकाशा असतो. उपग्रह लागल्यावर पडद्यावर कोऱ्या पिवळट पानावर नुसता बाण दिसला तर तो बिघाड नाही, भारताचा नकाशा घालायचा राहिलाय.

गच्चीवर कुठे ठेवायचं

ही गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. जीपीएसच्या कक्षा विषुववृत्ताशी ५५ अंशांत कललेल्या आहेत, त्यामुळे ५५ अक्षांशाच्या उत्तरेला एकही उपग्रह डोक्यावरून जात नाही. इंदूर साधारण २२.७ उत्तर अक्षांशावर आहे. इथून पाहिलं तर ठीक उत्तरेला, क्षितिजापासून जवळजवळ ४५ अंश उंचीपर्यंत, जीपीएसचा उपग्रह कधी येतच नाही. आकाशाचा तेवढा तुकडा कायमचा रिकामा.

म्हणून उत्तरेच्या बाल्कनीत यंत्र ठेवून तासभर वाट पाहणं म्हणजे रविवारी बँकेच्या दारात उभं राहणं. गच्चीवर पाण्याची टाकी किंवा जिन्याची खोली तुमच्या उत्तरेला येईल असं बसा. दक्षिण, पूर्व, पश्चिम मोकळी ठेवा. गाडी उभी करतानाही उंच इमारतीच्या दक्षिणेला उभी करा, म्हणजे इमारत तुमच्या उत्तरेला राहील.

यंत्र कसं धरायचं हेही अँटेनावर ठरतं. नुवी आणि ईट्रेक्समध्ये चपटी चौकोनी सिरॅमिकची वडी असते. तिचं तोंड आकाशाकडे हवं, म्हणून ईट्रेक्स हातात आडवं, पडदा वर करून धरा. ज्या यंत्राला वर जाडसर बोटासारखा खुंट असतो, त्यात गुंडाळीची अँटेना असते. ते उभं धरायचं. उलटं केलं की सिग्नल निम्म्यावर येतो आणि दोष बिचाऱ्या यंत्राला.

उपग्रहांचं पान वाचायला शिका

नुवीवर वरच्या कोपऱ्यातल्या सिग्नलच्या काड्यांवर बोट दाबून धरलं की हे पान उघडतं. ईट्रेक्समध्ये ते मेन्यूतच 'सॅटेलाइट' नावाने आहे. वर दोन वर्तुळं असतात: बाहेरचं म्हणजे क्षितिज, मधला बिंदू म्हणजे डोक्यावर. खाली पट्ट्या, प्रत्येक पट्टीखाली उपग्रहाचा क्रमांक. १ ते ३२ जीपीएसचे, ६५ च्या पुढचे रशियाच्या ग्लोनासचे.

पट्टी आधी पोकळ उमटते. म्हणजे सिग्नल सापडला, मजकूर वाचणं चालू आहे. इफेमेरिस पुरी झाली की ती भरीव होते. मोकळ्यावर उभं राहून एका पट्टीकडे घड्याळ लावून पाहत बसलात तर पोकळाची भरीव व्हायला तीसेक सेकंद लागताना दिसतील. मध्ये पट्टी खाली बसून पुन्हा वर आली की मोजणी पहिल्यापासून. वरचा सगळा हिशेब डोळ्यांसमोर घडतो. चौथी पट्टी भरीव झाली की नकाशा जागेवर येतो.

निदान या पानावरच होतं. पट्ट्या पोकळ आणि वरखाली नाचणाऱ्या असतील तर आकाश अडलंय किंवा गाडी हलतेय, थांबा. तीनच भरीव असतील तर यंत्र उंची गृहीत धरून जागा काढतं, तिचा भरवसा कमी. पट्ट्या उंच, भरीव आणि तरी जागा चुकीची असेल तर रिसीव्हर ठीक आहे, दोष नकाशात किंवा सेटिंगमध्ये शोधा. सगळ्याच पट्ट्या एकसारख्या बुटक्या असतील किंवा दहा मिनिटं मोकळ्यावर राहूनही एकही उमटत नसेल, तेव्हा संशय घ्यायचा तो दोघांवर: वीज आणि काच.

चार्जर आणि डॅशकॅम

उपग्रहाचा सिग्नल जमिनीवर पोचतो तेव्हा उणे १३० डीबीएमच्या (डीबीएम हे सिग्नलची ताकद मोजायचं माप) आसपास, म्हणजे अतिशय क्षीण असतो. रिसीव्हरच्या स्वतःच्या खरखरीपेक्षाही तो खाली असतो आणि संकेत जुळवून उपसून काढावा लागतो. त्याच्या शेजारी सिगारेट सॉकेटमध्ये खोचलेला शे-दीडशेचा यूएसबी चार्जर किंवा स्वस्तातला डॅशकॅम आला की त्यांच्या आतल्या स्विचिंगची खरखर याच लहरींत पसरते. यंत्राच्या दृष्टीने ती भर लग्नात डीजेशेजारी उभं राहून कुजबूज ऐकण्याची वेळ.

तपासणी पाच मिनिटांची आहे. गाडी मोकळ्यावर उभी, डॅशकॅम आणि सगळे चार्जर उपटलेले, जीपीएस स्वतःच्या बॅटरीवर. पट्ट्यांचा मोबाइलवर फोटो काढा. मग जीपीएसचा चार्जर लावा, दोन मिनिटांनी फोटो. मग डॅशकॅम चालू करा, पुन्हा फोटो. जिथे सगळ्या पट्ट्या एकदम खाली येतात तिथे चोर सापडला. यंत्र 'कधी चालतं, कधी नाही' असं वागत असेल तर या फोटोंतून कारण निघण्याची शक्यता मोठी.

डॅशकॅम असेल तर तो आरशाच्या एका बाजूला, जीपीएस दुसऱ्या बाजूला, मध्ये निदान फूट-दीड फूट. डॅशकॅमची वायर जीपीएसवरून न नेता दुसऱ्या खांबातून उतरवा. वायरवर, डॅशकॅमच्या अगदी जवळ, फेराइटची क्लिप (वायरीतली खरखर अडवणारं कडं) बसवा आणि जागा असेल तर वायरचे दोन-तीन वेढे तिच्यातून घ्या. फरक पडला नाही तर चार्जर बदला. मूळ कंपनीचा असेल तर उत्तम. नुवीबाबत एक वेगळी गंमत: संगणकाची साधी यूएसबी वायर चार्जरला लावली तर यंत्राला वाटतं आपण संगणकाला जोडले गेलोय, आणि पडद्यावर संगणकाचं चित्र येऊन सगळं थांबतं. त्याच्या गाडीच्या वायरीची जोडणी वेगळी असते. बिघाड नाही, वायर बदला.

काचेचं असं की काही गाड्यांच्या पुढच्या काचेत उष्णता अडवणारा धातूचा पातळ थर असतो, किंवा नंतर बसवलेली धातूमिश्रित फिल्म. यंत्र बोनेटवर ठेवून पट्ट्या पाहा, मग आत नेऊन पाहा. आत नेल्यावर पट्ट्या कोसळत असतील तर प्रश्न मिटला. अशा काचेत आरशाच्या मागे ठिपक्याठिपक्यांचा एक तुकडा बहुधा थराविना सोडलेला असतो. यंत्र तिथे लावा. काही जुन्या मॉडेलांच्या मागे बाहेरच्या अँटेनासाठी छोटं गोल सॉकेट असतं. चुंबकाची अँटेना टपावर, वायर दारातून आत. दिसायला बरं नाही, पण चालतं.

पाऊस आणि ढग यांच्यावर मात्र आळ घेऊ नका. या लहरीला पावसाने जो फटका बसतो तो नगण्य आहे. जुलैत यंत्र मंद वाटतं ते झाडं दाट आणि पानं ओली असतात म्हणून.

तारीख २००६ ची दिसतेय

गेल्या काही वर्षांत ही तक्रार वाढली आहे. जीपीएसच्या मजकुरात तारीख नसते, आठवड्याचा क्रमांक असतो, आणि त्याला दहाच बिट दिलेत: ० ते १०२३. मोजणी ६ जानेवारी १९८० पासून. १,०२४ आठवडे झाले की पुन्हा शून्य. तसं ऑगस्ट १९९९ मध्ये झालं, ६ एप्रिल २०१९ च्या रात्री झालं, आणि पुढे नोव्हेंबर २०३८ मध्ये होईल. आपण कितव्या फेरीत आहोत हे यंत्राचं फर्मवेअर, म्हणजे आतलं मूळ सॉफ्टवेअर, स्वतः ठरवतं. जुन्या फर्मवेअरची मुदत संपली की ते सरळ १,०२४ आठवडे मागे जातं. १५ नोव्हेंबर २०२५ ऐवजी १ एप्रिल २००६.

ओळखायची खूण सोपी: वार आणि वेळ बरोबर, फक्त तारीख भलती. चूक पूर्ण आठवड्यांची असल्याने वार हलत नाही. संगणकाला जोडून फर्मवेअर अद्ययावत करा. कंपनीने तेही बंद केलं असेल तरी जागा बहुधा बरोबरच दाखवली जाते, कारण ती आठवड्याच्या आतल्या सेकंदांवर मोजतात. नुकसान होतं ते प्रवासाच्या नोंदींचं, आणि काही यंत्रांत संगणकावरून घालायच्या 'पुढच्या सात दिवसांच्या उपग्रहस्थिती'च्या फाइलचं. टॉमटॉमच्या क्विकजीपीएसफिक्ससारखी ही फाइल सुरुवात झटपट करते, पण यंत्राचं कॅलेंडर चुकलं की ती त्याला मुदतबाह्य वाटते.

तारखेबरोबर वेळही चुकत असेल आणि उपग्रह लागल्यावर दोन्ही आपोआप सुधारत असतील, तर प्रकरण वेगळं. आतल्या घड्याळाला जिवंत ठेवणारी छोटी बॅकअप बॅटरी किंवा कपॅसिटर गेला आहे. खात्री करून घ्या: उपग्रह लागल्यावर पंधरा मिनिटं चालू ठेवा, पूर्ण बंद करा, पाच मिनिटांनी पुन्हा चालू करा. काही सेकंदांत लागलं तर बॅकअप ठीक. पुन्हा मिनिटभर किंवा जास्त लागत असेल, दर वेळी, तर बॅकअप गेलाय.

जागा चुकते, पण उपग्रह भरपूर आहेत

राजवाड्यापासून सराफ्याकडे आत शिरलं की बाण शेजारच्या गल्लीत उडी मारतो. त्या बोळांतून आकाशाची एक पट्टीच दिसते. बाजूचे उपग्रह थेट न येता भिंतींवर आपटून येतात. वाट वीस-तीस मीटर लांबली की यंत्र तेवढंच चुकतं. यावर सेटिंग नाही. ग्लोनास असेल तर चालू करा, डोक्यावरच्या पट्टीत दोन उपग्रह वाढतील. बॅटरी थोडी जास्त जाईल. गगनचा इथे उपयोग नाही. गगन, म्हणजे इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणाची दुरुस्ती-सेवा, कक्षा, घड्याळ आणि आयनावरणाच्या (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थराच्या) चुका सुधारते. भिंतीची चूक तिला दिसत नाही. मोकळ्यावर मात्र ती जरूर चालू ठेवा. मेन्यूत तिचं नाव 'वास/एग्नॉस' असं परदेशी असतं, आणि गार्मिनच्या पानावर दक्षिणेच्या आकाशात ४० किंवा ४१ क्रमांक दिसला की ती मिळतेय असं समजा.

बायपासवर यंत्र सर्व्हिस रोड आणि मुख्य रस्ता यांत गोंधळतं. दोन रस्ते काही मीटरांवर समांतर, यंत्राची नेहमीची चूक तेवढीच. मग ते जवळच्या रेषेला बाण चिकटवतं. पुलावर आणि पुलाखाली हेच. जुन्या नकाशात भंवरकुआं किंवा फूटी कोठीचा पूल नाहीच, त्यामुळे ते 'डावीकडे वळा' म्हणत राहील. नकाशा बदला, रिसीव्हरला दोष नाही. सिग्नलला थांबल्यावर बाण गरगर फिरला तरी घाबरू नका. ज्या यंत्रात होकायंत्र नाही त्याला दिशा गतीवरूनच कळते, आणि थांबलेल्या गाडीला गती नसते.

मानपूरच्या घाटात तीनच उपग्रहांवर आलेलं यंत्र उंची मागचीच धरून चालतं. इंदूर साडेपाचशे मीटरवर, महेश्वर दीडशेच्या आसपास. घाट उतरताना ती जुनी उंची चुकीची ठरत जाते आणि त्याची भरपाई जागेत होते; गाडी दरीत दिसते. चौथा उपग्रह आला की आपोआप सावरतं.

संध्याकाळचं एक गूढ इंदूरपुरतं खरंच खास आहे. चुंबकीय विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना आयनावरण दाट होतं, आणि त्याचा उत्तरेकडचा उंचवटा माळव्यावरूनच जातो. मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, सौर डाग जोरात असतील त्या वर्षांत (२०२४ च्या सुमारास ते शिखरावर होते), सूर्यास्तानंतर मध्यरात्रीपर्यंत तिथे बुडबुडे उठतात आणि सिग्नल लुकलुकतो. मोकळ्या गच्चीवरही, वारा नसताना, एकेक पट्टी बसते-उठते. सकाळी सगळं ठीक. अशा संध्याकाळी यंत्र उघडू नका.

अंक घालून शोधताना चूक झाली तर ती मोठी असते. राजवाडा दशांश अंशांत २२.७१८६, आणि अंश-मिनिटांत २२ अंश ४३.११६ मिनिटं. दुसरा आकडा पहिल्या पद्धतीत २२.४३११६ असा भरला तर तुम्ही सुमारे ३२ किलोमीटर दक्षिणेला पोचता. आधी सेटिंगमध्ये पद्धत पाहा, मग अंक भरा. चूक शंभर-सव्वाशे मीटरची, नेहमी एकाच दिशेला असेल तर डेटम, म्हणजे अक्षांश-रेखांश ज्या पायावरून मोजतात तो, तपासा. सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या कागदी नकाशांचा पाया एव्हरेस्ट गोलाभ (पृथ्वीच्या आकाराचं गणिती रूप) आणि सिरोंजजवळचं कल्याणपूर होता. जीपीएसचा पाया डब्ल्यूजीएस-८४. कोणी यंत्रात 'इंडियन' नावाचा डेटम निवडून ठेवला असेल तर तो बदला. उंची पन्नास-साठ मीटर कमी दिसत असेल तर यंत्र किंवा ॲप समुद्रसपाटीऐवजी गोलाभापासून मोजतंय. आपल्या भागात दोन्हींत तेवढा फरक आहेच.

मग दुरुस्ती कधी

मोकळं आकाश, स्वतःच्या बॅटरीवर, सिम्युलेटर बंद, वीस मिनिटं स्थिर, आणि तरी एकही पट्टी नाही. आता उघडायला हरकत नाही. सर्वात जास्त सापडतं ते म्हणजे यंत्र पडल्यामुळे तडकलेली अँटेनाची वडी, किंवा तिच्या मधल्या पिनेचा सुटलेला टाका. उन्हाळ्यात डॅशबोर्डवर राहून फुगलेली लिथियम बॅटरीही आतून पडदा ढकलत असते. मागचं झाकण पोटासारखं वर आलेलं दिसलं तर चार्जिंग थांबवा आणि आधी बॅटरी बदला, ती टोचू किंवा दाबू नका. क्वचित जुनाट यंत्राच्या घड्याळाचा क्रिस्टल ठरल्या लयीवरून सरकतो. दर दशलक्षाला एक भाग सरकला तरी या लहरीवर सुमारे १,५७५ हर्ट्झचा फरक पडतो, आणि यंत्र शोधतं त्या खिडकीबाहेर सिग्नल जातो. हे साध्या हत्यारांनी दुरुस्त होत नाही.

जेल रोडवर मोबाइल दुरुस्त करणारा कोणीही चांगला कारागीर अँटेनाचा टाका आणि बॅकअप बॅटरी करू शकतो. नेताना 'जीपीएस चालत नाही' एवढंच सांगू नका. पट्ट्यांचे तीन फोटो, पाच मिनिटं बंद ठेवून पुन्हा चालू केल्यावर लागलेला वेळ, आणि तारीख-वार काय दिसत होते हे कागदावर लिहून द्या. आणि 'रीसेट करून बघतो' असं तो म्हणाला तर आधी साठवलेली ठिकाणं संगणकावर उतरवून घ्या. पूर्ण रीसेटमध्ये ती जातात, आणि अल्मनॅकही जातो, म्हणजे घरी आल्यावर गच्चीवर पुन्हा वीस मिनिटं.